दोन आत, एक दारावर

माझ्या नवऱ्याला थंडी वाजते, असं अमिरातीतल्या या अल ऐनमध्ये कुणाला सांगितलं की आधी हसू येतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री असते आणि वॉल्टरच्या गाडीत मागच्या सीटवर स्वेटर असतो. घरातला एसी तो सत्तावीसच्या खाली जाऊ देत नाही. जून महिन्यात पायात मोजे घालून झोपतो. मुलं रिमोट लपवतात, तो शोधून काढतो. पाहुणे रुमालाने मान पुसत बसलेले असतात आणि हा त्यांना आग्रह करकरून आल्याचा चहा पाजतो.

वॉल्टर कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर आहे. इथल्या सनैय्यात, म्हणजे गॅरेजं आणि गोदामांच्या वस्तीत, फ्रोझन चिकन आणि मासळीचं एक मोठं गोदाम आहे. त्यातल्या उणे अठरा डिग्रीच्या खोल्यांमध्ये त्याचा दिवस जातो. वसईजवळच्या गासमध्ये केळीच्या वाडीत वाढलेला मुलगा. गल्फला निघाला तेव्हा त्याच्या काकांनी त्याला डोक्याला लावायला थंड तेलाची बाटली दिली होती, वाळवंटात ऊन लागेल म्हणून. दुबईच्या करामा भागात सहाजणांच्या खोलीत बेडस्पेस, म्हणजे एक खाट, मिळाली, तिथल्याच अल क्वोजच्या एका गोदामात नोकरी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात गावाला फोन केला तो विक्सची मोठी बाटली कुणाबरोबर तरी पाठवा म्हणून. गासला अजून हा किस्सा सांगतात. दर मे महिन्यात आम्ही गेलो की कुणीतरी विचारतंच, काय रे वॉल्टर, दुबईत बर्फ पडतो का?

त्याची बोटं बारा महिने फुटलेली असतात. व्हॅसलीनची डबी गाडीत, उशीपाशी, देवाच्या फोटोखाली. खिशात सुकेळ्याचा तुकडा असतोच. वसईची ही वाळवलेली केळी खाल्ली की अंगात ऊब राहते असं तो म्हणतो, आणि कामावरच्या नेपाळी, मलबारी, पठाण सगळ्यांना त्याने ती सवय लावली आहे. सुट्टी रविवारची, तीही कागदावर. नाताळात लोक टर्की मागतात, रमझानमध्ये चिकन, आणि मध्ये कधी ट्रक पोर्टवरून उशिरा येतो. मुलांच्या शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांच्या फोटोंत मी एकटी आहे. तो फोटोत असला तर गणवेशात, दारात उभा, घाईत.

त्यामुळे त्या फेब्रुवारीत हवामानखात्याचा मेसेज आला, सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले, शाळा ऑनलाइन झाल्या, ऑफिसवाल्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा वॉल्टर घरी राहील असं माझ्या मनातही नव्हतं. पण सनैय्याकडचा रस्ता रात्रीच्या पावसाने भरला होता आणि ट्रक निघणारच नव्हते. मॅनेजरने फोन करून सांगितलं, वॉल्टर, आज घरी बस. फोन ठेवल्यावर तो सोफ्यावर असा बसला जसा आपण दुसऱ्याच्या घरी बसतो.

थोड्या वेळाने उठला आणि गाडीला पांघरूण घालून आला. गारा पडतील अशी सूचना होती. आमच्या कंपाउंडमधल्या सगळ्यांनी आपापल्या गाड्यांवर गाद्या, गालिचे, पुठ्ठे टाकले होते. वॉल्टरने टाकली गोदामातली जुनी चंदेरी गोधडी, फ्रोझन मालाच्या थप्प्या झाकायची. वॉचमन रफिक म्हणाला, साब, आपकी गाडी बिर्यानी लग रही है.

साडेदहाच्या सुमारास अंधारलं आणि गारा आल्या. मी लॅपटॉपवर क्लिनिकचे इन्शुरन्सचे क्लेम तपासत होते. पहिल्यांदा वाटलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी खडी ओततंय. मग पार्किंगच्या पत्र्यावर जो आवाज सुरू झाला, त्यात ऑनलाइन क्लासमधल्या मिसचा आवाज बुडाला. आम्ही चौघं खिडकीपाशी गेलो. बोराएवढ्या गारा, काही लिंबाएवढ्या, खजुराच्या झाडांवर आपटून उडत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत थांबल्या. आणि खाली पाहिलं तर कंपाउंड पांढरं. जमीन दिसत नाही असं पांढरं. भिंतीपलीकडचा मोकळा प्लॉट पांढरा, त्याच्यापुढचा रस्ता पांढरा, उंटांच्या चाऱ्याची रिकामी गाडी पांढरी.

प्रेस्टन, आमचा पंधरा वर्षांचा, शाळेच्या क्लासमध्ये कॅमेरा तसाच चालू ठेवून खाली पळाला. पायात चपलाही नाहीत. बाकीच्या फ्लॅटमधूनही दारं आपटल्याचे आवाज आले. खालून रफिकच्या मुलीने, दुआने, हाक मारली, "सोफी! सोफी, कम डाउन!"

सोफिया खिडकीतच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला विचारलंही नाही.

सोफिया आठ वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. धूळ उडाली की खिडक्या बंद, कुणी अत्तर लावून आलं की दुसऱ्या खोलीत, मांजर दिसलं की रस्ता बदल. मांजरांमुळेच आम्ही तळमजला सोडून वर राहायला आलो. नाताळच्या आधी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. रात्रभर मी तिच्या छातीचा पिंजरा वरखाली होताना बघत होते आणि बोटावरच्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा वाचत होते. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की गार हवा एकदम छातीत जाऊ देऊ नका. प्रेस्टनच्या वाढदिवसाला दुबईच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फात जायचं ठरत होतं, ते तेव्हाच रद्द झालं. वॉल्टर म्हणाला होता, चौघांच्या तिकिटात गासला महिन्याचा बाजार येतो, माझ्या गोदामात या, मी बर्फ फुकट दाखवतो. सोफिया त्याही वेळी काही बोलली नव्हती. न विचारण्याची सवय तिला माझ्यामुळे लागली आहे, हे मला माहीत होतं. आणि तरीही त्या सकाळी मी तिला म्हटलं की आपण खिडकीतून बघू, किती छान दिसतंय बघ.

मग मला एक कल्पना सुचली. मी प्रेस्टनला खालून परातभर गारा आणायला सांगितल्या. परात टेबलावर ठेवली. सोफियाने त्यात दोन्ही हात घातले, एक गार उचलून उजेडात धरली, आणि परत ठेवली.

"मम्मा, दिस इज जस्ट फ्रिज आइस," ती म्हणाली. अगदी शांतपणे, मला वाईट वाटू नये अशा आवाजात.

वॉल्टर सोफ्यावरून उठला. गाडीकडे गेला आणि डिकीतलं सगळं सामान घेऊन वर आला. फ्रीझरमध्ये घालायचे दोन जाड कोट, मुलांच्या डोक्याएवढे हातमोजे, नाकातोंडावर घ्यायची लोकरी टोपी. सगळ्याला बांगड्याचा वास. मी म्हटलं, वॉल्टर, नाही. तो म्हणाला, ऐकून तर घे. आणि मग त्याने मला असं काही सांगितलं जे लग्नाच्या सतरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. तो घरी आला की मी विचारते, जेवलास का, पाठ कशी आहे. फ्रीझरमध्ये माणूस नेमका कसा जातो हे कशाला विचारीन?

उन्हातून सरळ उणे अठरात कुणी जात नाही, तो म्हणाला. मध्ये एक खोली असते. तिथे थांबायचं, नाकातोंडावर कापड घ्यायचं, नाकाने श्वास घ्यायचा, अंगाला कळू द्यायचं. मग आत. आणि आत कधीही एकटं नाही. दोन आत, एक दारावर. दारावरच्याने दुसरं काही करायचं नाही, फोनसुद्धा बघायचा नाही. त्याने काचेतून नुसतं आतल्यांकडे बघायचं. त्याने दार ठोकलं की हातातला बॉक्स तिथेच ठेवून बाहेर यायचं, मग आत सुपरवायझर असो की मालक. कारण विचारायचं नाही.

"आतल्याला कळत नाही, मिली, तो किती गारठलाय ते," तो म्हणाला. "त्याला वाटतं, अजून दोन बॉक्स. अल क्वोजला मी असाच हसत उभा होतो, आणि दारावरच्या बुढ्याने मला कॉलर धरून ओढलं. माझे ओठ निळे झाले होते, ते त्याला दिसत होते, मला नाही. दारावर आम्ही सगळ्यात घाबरट माणूस ठेवतो. मुद्दाम."

मग तो हसला. "तुझ्याइतकी चांगली दारावरची मला सनैय्यात मिळायची नाही."

मला राग यावा की हसू, कळेना. सोफिया आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिची छाती ऐकली. कानाने, नेहमी ऐकते तशी, पाठीला कान लावून. स्वच्छ होती. पळण्याआधी द्यायचे पंपाचे दोन पफ दिले. आणि म्हटलं, मी हाक मारली की त्या क्षणी वर. वॉल्टरने छातीवर क्रूस केला.

जिना हीच आमची मधली खोली. तिथे सोफियाला मीही थांबवलं नसतं इतका वेळ वॉल्टरने थांबवलं. कोट तिच्या घोट्यापर्यंत येत होता, बाह्या जमिनीला टेकत होत्या, टोपीतून फक्त डोळे. गादीची वळकटी उभी केल्यासारखी दिसत होती. कोटाच्या खिशात तिला सुकेळ्याचा तुकडा सापडला आणि तिने तो टोपीच्या आत सरकवला. मी तळमजल्याच्या दारात उभी राहिले. फोन वरच ठेवला होता.

आणि ते दोघं बाहेर गेले.

पहिलं पाऊल टाकलं तेव्हा खालून कुरकुर आवाज आला. सोफिया थांबली. पुन्हा एक पाऊल टाकलं. मग तिने एवढ्या मोठ्या कोटात एक उडी मारली आणि बसली. उठली, पुन्हा उडी. दुआ आली आणि दोघी उड्या मारायला लागल्या. प्रेस्टनने बापाच्या पाठीत गारांचा गोळा घातला. वॉल्टर वळला, आणि एकोणीस वर्षं बर्फात काम करणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ उचलून कुणाला तरी मारला. नेम चुकला. गोळा रफिकच्या खुर्चीवर फुटला. रफिक म्हणाला, साब, ड्यूटी पे हूँ, आणि खाली वाकून दोन्ही मुठी भरून घेतल्या.

मी बघत होते. फक्त सोफियाकडे. टोपीची लोकर तोंडापाशी आत ओढली जाते आहे का, कोटाचे खांदे वर चढताहेत का, उडी मारून उठायला वेळ लागतो आहे का. असं मी नेहमीच बघते, भीत भीत. आज भीती तीच होती, पण मला तिथे उभं राहायचं काम दिलेलं होतं, आणि ते काम मला येत होतं.

म्हणून मांजर मलाच आधी दिसलं.

कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागून एक तपकिरी मांजर आलं, गारांवर पाय झटकत. मग दुसरं. मग भिंतीवरून दोन. पावसाने उपाशी असलेली कंपाउंडची सगळी मांजरं सरळ रेषेत माझ्या मुलीकडे निघाली होती, कारण माझी मुलगी त्यांना अख्ख्या बांगड्यासारखी वाटत होती. वॉल्टरने गारठ्याचा सगळा बंदोबस्त केला होता. कोटाला वास येतो हे तो केव्हाच विसरला होता, त्याच्या नाकाला तो वास येतच नाही. पहिलं मांजर सोफियाच्या बाहीला अंग घासायला लागलं. सोफियाला ते इतकं आवडलं की तिने हातमोजा काढला.

"खलास!" मी ओरडले, इथे सगळे 'पुरे, बस' अशा अर्थाने म्हणतात तसं. "वर!"

वॉल्टरच्या हातात गोळा होता. तो त्याने तिथेच टाकला. का, अजून पाच मिनिटं, जाऊ दे ना, असं काहीही न म्हणता त्याने सोफियाची वळकटी उचलली आणि पळत दारात आला. मागे मांजरांची वरात. मी कोट ओढून काढला आणि बाहेर भिरकावला, आणि चारही मांजरं त्याच्यावर जाऊन बसली.

जिन्यात सोफिया खोकली. एकदा, मग पुन्हा. वर आणून मी तिचे हात-तोंड धुतले, कपडे बदलले, स्पेसरची नळी लावून पंप दिला. वॉल्टर दाराजवळ उभा होता, केसांत गारा तशाच, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सॉरी, मांजरं माझ्या डोक्यातच आली नाहीत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला गप्प बसवलं, कारण मला ऐकायचं होतं. पाठीला कान लावला. डावीकडे, उजवीकडे, खाली. छातीत दम्याची शिट्टी नव्हती. थांबले. पुन्हा ऐकलं. खोकला थांबला होता. सुकेळ्याचा तुकडा घशाशी गेला होता, असं सोफियाने मग कबूल केलं.

बाहेर ऊन पडायला लागलं होतं. पत्र्यावरून पाणी गळत होतं. दुआचा आवाज येत होता.

"डॅडी, राउंड टू?" सोफियाने विचारलं.

वॉल्टर म्हणाला, "मला नको विचारू. दारावरच्याला विचार."

मग सोफिया माझ्याकडे वळली. आणि तिने विचारलं. एरवी तिला उत्तर आधीच माहीत असतं म्हणून ती विचारत नाही. आज तिला माहीत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. कारणं तयार होती, चार पायांची. पण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी हाक मारली आणि वॉल्टर आला. एका शब्दाने वाद घातला नाही. सोफियाही रडली नाही, हट्ट केला नाही, दोन्ही हात वर करून बापाच्या कडेवर चढली. मी बोलावलं तर हे येतात. मग जाऊ द्यायला काय हरकत आहे?

मी म्हटलं, थांबा. आधी मांजरांचं बघू.

फडताळात वसईहून आणलेले सुके बोंबील होते. सासूबाईंनी वाळवलेले, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, कस्टमच्या भीतीने साड्यांमध्ये लपवून मी ते आणले होते. महिन्यातून एकदा, मोजून, चटणीला काढते. त्यातली अर्धी पिशवी मी प्रेस्टनच्या हातात दिली. तो म्हणाला, "मम्मा, आर यू शुअर? दीज आर द बोंबिल्स." मी म्हटलं, जा, माझं मन बदलायच्या आत जा. प्रेस्टन आणि रफिक मागच्या गेटपर्यंत बोंबील टाकत गेले, मांजरं कोट सोडून त्यांच्या मागे गेली, आणि गेट बंद झालं. पलीकडून त्यांचं गुरगुरत जेवण ऐकू येत होतं.

सोफियाला या वेळी माझा लोकरी स्वेटर घातला आणि नाकावर धुतलेली ओढणी बांधली. वॉल्टरने गाडीवरची चंदेरी गोधडी ओढून काढली आणि गारांवर पसरली. गोधडी सटासट सरकत होती. सोफिया आणि दुआ त्यावर बसल्या, वॉल्टरने दोन कोपरे धरले, प्रेस्टनने दोन, आणि पार्किंगच्या उतारावरून गेटपर्यंत, गेटपासून पुन्हा वर, ते पळत सुटले. वॉल्टर घसरला. प्रेस्टन त्याच्यावर पडला. सगळे तिथेच पडून राहिले आणि हसत राहिले. वॉल्टर हसतो तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात, हे प्रेस्टनला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिसलं असावं, कारण तो बापाकडे बघतच राहिला आणि मग त्याची नक्कल करायला लागला. खालच्या मजल्यावरच्या वासंतीताई चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि दारात माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, अगं, तू का नाही जात? मी म्हटलं, मी ड्यूटीवर आहे.

मी मनात ठरवलेली दहा मिनिटं झाली. मी हाक मारली आणि सोफिया आली. स्वतःच्या पायांनी, पळत नाही, चालत, नाकाने श्वास घेत, वॉल्टरने शिकवलं होतं तशी. गाल लाल. मी पाठीला कान लावला तेव्हा ती उभ्या उभ्या थरथरत होती, पण ते हसू होतं. जिन्याच्या पायरीवर बसून ती कोमट पाणी प्यायली.

कंपाउंडमधलं पांढरं आता तुटायला लागलं होतं, मध्ये मध्ये फरशी दिसत होती. सावलीच्या बाजूला, भिंतीलगत, तेवढा जाड थर शिल्लक होता.

"मम्मा, यू डिडन्ट गो," सोफिया म्हणाली.

मी म्हटलं, दारावर कुणीतरी लागतं ना.

ती उठली. माझ्या जागेवर, उंबऱ्याच्या आत, येऊन उभी राहिली. दोन्ही हात मागे बांधले, जसा वॉल्टर बांधतो. "आय विल स्टँड. यू अँड डॅडी गो. व्हेन आय से खलास, यू कम." आणि जरा थांबून, "नो आर्ग्युइंग."

मी वॉल्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, नियम नियम आहे, दोन आत, एक दारावर, आणि सगळ्यात घाबरट माणूस आज आत येतोय. मी चप्पल काढली. प्रेस्टन किंचाळला की मम्मा इज कमिंग आणि दुआ टाळ्या वाजवायला लागली. गारांवर पहिलं पाऊल पडलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कॉलेजनंतर काढला नव्हता. तळपाय जळतात म्हणजे काय ते कळलं. वॉल्टरने माझा हात धरला. फुटलेली, व्हॅसलीन लावलेली बोटं. इतक्या गारठ्यात त्याचा हात गरम होता.

आम्ही भिंतीलगत गेलो. मी ओंजळभर गारा उचलल्या आणि नवऱ्याच्या कॉलरमधून आत सोडल्या. तो माणूस, जो सत्तावीसवर एसी लावतो, असा नाचला की रफिकने खुर्ची सोडली. मग तो माझ्या मागे लागला. मी पळाले. मी घसरले, उठले, पुन्हा पळाले. सोफिया खोकते आहे का हे ऐकायचं मला सुचलं नाही, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सुचलं तेव्हा मी वळून दाराकडे पाहिलं. ती तिथेच होती, उंबऱ्याच्या आत, ओढणी नाकावर, आणि डोळे माझ्यावर. डोळा न हलवता बघत होती.

"खलास!" तिने हाक मारली. "मम्मा, खलास, कम! युअर लिप्स आर ब्लू!"

मला अजिबात थंडी वाजत नव्हती. ओठ निळे असणं शक्यच नव्हतं. माझ्या दोन्ही मुठींत गारा होत्या आणि वॉल्टर हाताच्या अंतरावर होता.

गारा मी तिथेच टाकल्या आणि गेले.